केस गेले तो उन्हाळा

सुरतच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरची नजर न उचलता सांगितलं, "बेन, वाळ तो जशे." केस तर जाणारच. भाजीवाला पिशवीत कोथिंबिरीची काडी टाकताना बोलतो, तितक्या सहज. शेजारी बसलेले माझे यजमान नुसती मान हलवत राहिले. गुजराती त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजतं, पण त्या दिवशी त्यांना काहीच समजत नव्हतं, हे मला दिसत होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो केसांचा नव्हता आणि जिवाचाही नव्हता. मी म्हटलं, आता मायला काय सांगायचं?

माय म्हणजे माझी आई. ती कोरीटला माझ्या भावाकडे राहते. वय ऐंशीच्या आसपास, नक्की तिलाही ठाऊक नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याला हात लावू देत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला हाच आजार झाला होता, छातीचाच. तिच्या सासरी तिचं करणारं कोणी नव्हतं म्हणून मायनं तिला कोरीटला आणून ठेवलं आणि तिचे केस, तिची भूक, तिचं बोलणं एकेक करून जाताना पाहिलं. बहीण गेली आणि मायनं माणसांत जाणंच सोडलं. ना कुणाचं लग्न, ना कुणाचं बारसं. ओट्यावर बसून राहायची आणि कुणी हाक मारली की दचकायची. त्यातून ती जेमतेम वर आली होती. हरभऱ्याची भाजी खुडायला शेतात जायला लागली होती, सुनेवर पुन्हा खेकसायला लागली होती. म्हणजे बरी झाली होती.

गाडीत बसल्या बसल्या मी भावाला फोन लावला. मायला कळता कामा नये, म्हटलं. मी वाचले तर सांगायची गरज नाही, आणि नाही वाचले तर तेव्हा तिला आपोआप कळेल. तो फोनवर रडायला लागला. मला त्याचा राग आला. त्या दिवसांत रडणाऱ्या सगळ्यांचाच मला राग यायचा. रडायचा पहिला हक्क माझा होता आणि मला कुणी संधीच देत नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खोटं बोलायचं झालं तर आमच्यासारखी सोय दुसऱ्या कुणाची नाही. कोरीटला का येत नाहीस, असं मायनं विचारलं की मी कधी निवडणुकीची ड्युटी सांगायचे, कधी प्रशिक्षण, कधी मुलांचं सर्वेक्षण. सरकारनं इतकी कारणं तयार करून ठेवली आहेत की एकही मला स्वतः शोधावं लागलं नाही. माय म्हणायची, "तुन्हा सरकारले दुसरी बाई भेटत नही का?" मी म्हणायचे, नाही भेटत. खरं तर मी तेव्हा सासरी, कळसाडीच्या घरात पंख्याखाली पडून असायचे आणि तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव असायची. शिरेतून लाल औषध जायचं, लघवीही लाल व्हायची, आणि वरणाच्या फोडणीचा वास आला तरी मी उठून मोरीकडे पळायचे.

पहिल्या किमोनंतर बरेच दिवस केसांना काही झालं नाही. मला वाटलं, डॉक्टरांना काय कळतंय. आमच्या माहेरचे केस असे तसे नव्हेत, कंबरेखाली जाणारे, दाट. मग एका सकाळी वेणी घालायला कंगवा लावला आणि तो अडकला नाही. माझ्या केसांत कंगवा अडकायचाच, लहानपणापासून. त्या दिवशी तो सरळ खाली आला आणि त्याच्याबरोबर केसही आले. ओढ नाही, दुखणं नाही. मी पुन्हा फिरवला, पुन्हा आले. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. तीस वर्षं नोकरी केली, मुलं वाढवली, या केसांना निगुतीनं सांभाळलं, आणि ते जाताना जरासुद्धा कुरकुरले नाहीत.

आमच्या गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई येते. विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका डब्यात, भिंतीच्या फटीत जपून ठेवतात आणि ती आली की तिच्या काट्यावर घालून वाटी, चाळणी असं काही घेतात. माझ्या मांडीवरचा ढीग पाहून शेजारची चुलत जाऊ हळूच म्हणाली, "फेकू नका वं बाई, एखादं पातेलं ई जाई." ती वाईट बाई नाही. माझ्या घरी दोन वेळचा डबा तीच आणून देत होती. तिला खरोखर वाटलं, एवढे लांब केस वाया कशाला घालवायचे. मी तिच्याकडे रागानं पाहिलं, मग मला हसू फुटलं, आणि हसता हसता जे रडू आलं ते आवरेना. ती बिचारी घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ते केस मी पिशवीत बांधून कपाटावर टाकले. पुढे उंदरांनी ती पिशवी कुरतडली.

उरलेले केस ठिगळांसारखे दिसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, सगळेच काढून टाकू. यजमानांनी गावातल्या न्हाव्याला बोलावलं. तो आमच्या घरी वर्षानुवर्षं येतो. ओट्यावर त्यानं पेटी उघडली, मी डोक्यावरचा पदर काढून पाटावर बसले, आणि त्यानं पेटी पुन्हा बंद केली.

"बाई, मन्हा हात नही चालाव," तो म्हणाला. "आप्पा समोर बठेल शेतस. सवाशीनना डोकाले मी वस्तरा कसा लावू?"

आप्पा म्हणजे माझे यजमान. आमच्यात विधवेच्याही डोक्याला कधी कुणी वस्तरा लावलेला नाही. तरी त्याला ते अशुभ वाटलं, आणि तो तसाच मान खाली घालून निघून गेला. मी भडकले. कुणावर भडकायचं ते मात्र समजेना. यजमान आत गेले आणि स्वतःच्या दाढीचं सामान घेऊन आले. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर मला बसवलं. आधी कात्री, मग वस्तरा. एवढ्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता, तसा रिवाजच नाही आमच्याकडे. आणि आता उघड्यावर, शेजारणी बघत असताना, ते माझं डोकं एका हातानं धरून दुसऱ्यानं वस्तरा फिरवत होते. कानामागे जरा कापलं. "दुखस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांच्या नाकातलं पाणी माझ्या मानेवर पडत होतं, ते मी पुसलं नाही.

आरशात पाहिलं तर कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं आणि वर माझ्या ओळखीचं काहीच नव्हतं. भुवयाही विरळ झाल्या होत्या. ऑपरेशनचा छातीवरचा टाका कपड्याखाली झाकता येतो. कितीतरी बायका एका बाजूला रुमालाची घडी घालून बाजारात फिरतात, कुणाला पत्ता लागत नाही. डोकं मात्र सगळ्या गावाला सांगतं. केस होते तोवर मी आजारी होते. केस गेले आणि लोकांच्या लेखी मी निघालेच.

हे मी उगाच म्हणत नाही. मागच्या आळीत एका सुनेच्या डोहाळजेवणाला गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं आलं, मला नाही. जाऊ म्हणाली, तुम्हाला बसवत नाही म्हणून नसेल बोलावलं. मला सगळं समजत होतं. शाळेतली एक मैत्रीण भेटायला आली ती दारातूनच बोलली आणि जाताना हात जोडून गेली. भेटायला आलेल्याला कुणी असं हात जोडतं का? आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. "ती बिमारी" म्हणायचे, आणि तेही आवाज खाली करून, जणू ती आतल्या खोलीत झोपली आहे आणि तिला जाग येईल. मला दवाखान्याच्या सुईपेक्षा ह्या खालच्या आवाजाचा जास्त त्रास झाला.

माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्यानं माझ्यासाठी केसांचा टोप पाठवला होता, चांगला महागातला असावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो घालणं म्हणजे डोक्याला गोधडी बांधून चुलीपुढे बसणं. पण मायशी व्हिडिओवर बोलायचं असलं की मी तो घालायचे. भाऊ मोबाईल तिच्या धड डोळ्यासमोर धरायचा. माय बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "तू तं भलती गोरी दिखस." तेवढ्यात भाऊ मोबाईल हलवायचा, नेटवर्क गेलं म्हणायचा. टोप उतरवला की डोक्यावर घामोळ्यांचा पट्टा उठलेला असायचा. तरी मला समाधान वाटायचं, आजचा दिवस निभावला. माझं सगळं उपचाराचं गाडं एका बाजूला आणि हे निभावणं एका बाजूला, असं झालं होतं. त्यातलं हे दुसरं तरी माझ्या हातात आहे, असं मला वाटत होतं.

मग मुलगा आला.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, जरी ती बहुतेकांना ठाऊक असेल. मुलगा डोक्याचे केस काढतो ते आई किंवा बाप गेल्यावर, अग्नी द्यायच्या आधी. आईबाप जिवंत असताना आमच्या गावात कुणी गंमत म्हणूनही टक्कल करत नाही. आणि असं डोकं केलेला पोर वाटेत भेटला तर त्याला कोण गेलं, कधी गेलं, असं विचारत नाहीत. खांद्यावर हात ठेवायचा, नजर खाली करायची आणि पुढे व्हायचं. माझा मुलगा दहावीनंतर वसतिगृहात राहिला, मग पुणे. तिकडे अर्धी पोरं हौसेनं टक्कल करून फिरतात. त्यानं मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं, आईला किमो चालू आहे म्हणून मुलानं स्वतःचं डोकं केलं, आई त्याला मिठी मारून रडली, लाखो लोकांनी ते पाहिलं. त्याला वाटलं, आपणही करावं. मम्मीला एकटं वाटू नये.

सकाळच्या गाडीनं तो शहाद्याला उतरला. स्टॅंडवर चहा पिताना त्याला कोरीटचे एक गृहस्थ भेटले, माझ्या माहेरच्या भाऊबंदांतले. ट्रॅक्टरचं काही सामान घ्यायला आले होते. त्यांनी भाच्याचं डोकं पाहिलं आणि रीतीप्रमाणे काही विचारलं नाही. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "धीर धर, भाऊ."

"हो मामा," माझा मुलगा म्हणाला. "मम्मीसाठीच आलो."

हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्याला वाटलं, मामांना आजाराचं माहीत आहे आणि ते समजूत घालताहेत. म्हणून त्यानं वाकून त्यांना नमस्कारही केला.

मी ओट्यावर खाटेवर पडले होते. किमो होऊन थोडेच दिवस झाले होते, अंगात उठायचं बळ नव्हतं. फाटक वाजलं. डोळे उघडून पाहिलं तर माझा मुलगा दारात उभा, पांढरा शर्ट, गुळगुळीत डोकं. क्षणभर मला खरंच वाटलं, झालं. मी गेले आहे, हा अग्नी देऊन परत आला आहे आणि मला कुणी सांगितलेलं नाही. मग दिसलं, तो हसतोय. एका हातात मोबाईल धरलेला, माझ्याकडे रोखलेला.

"मम्मी, सरप्राइज!"

मी कशी उठले ते मला आठवत नाही. त्याच्या हातावर इतक्या जोरात मारलं की मोबाईल ओट्याच्या पायरीवर आपटला आणि काळा पडला. "मी मेले नाही अजून!" मी ओरडले. "कळतं का तुला? मेले नाही मी!" पुढे बरंच काही बोलले. जे तोंडाला येईल ते. गल्लीतल्या बायका दारात आल्या, त्याचं डोकं पाहून त्यांनीही पदर तोंडाला लावले. पोराचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात यजमान शेतातून आले. त्यांनी बघितलं आणि फाटकातच थांबले.

"बाप जित्ता शे, माय जित्ती शे, आनि तू डोकं करी उना?" एवढंच म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले.

मुलगा माझ्या पायाशी येऊन बसला. त्याला काय चुकलं ते आता कळलं होतं. तो कळवळून म्हणत होता, मम्मी, मला हे सुचलंच नाही गं, मी फक्त केसांचा विचार केला. मला त्याची दया येत होती आणि रागही जात नव्हता. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून मी हात नेला आणि ठेवता आला नाही. आईनं जे पाहायचं नसतं ते मी पाहिलं होतं.

या सगळ्या गोंधळात घरातल्या फोनांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. यजमानांचा आत चार्जिंगला लावलेला होता. माझा मी किमोनंतर बंदच ठेवायचे. मुलाचा पायरीवर फुटून पडला होता. तिकडे कोरीटला भाऊ एकामागून एक फोन लावत होता. शहाद्याहून त्याला निरोप गेला होता, की भाचा डोकं करून गावाकडे निघालाय, आईसाठी आलो म्हणाला. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर चौकशी केली असती. माझ्या भावानं केली नाही, कारण त्याला आजार माहीत होता. त्याला यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. शिवाय उशीर झाला तर तोंड बघायला मिळणार नाही. त्यानं गाडी काढली, भाऊबंदांच्या बायका बसवल्या, आणि मायला सांगितलं. मला कॅन्सर आहे हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं, मी मेले हे सांगितलं.

ऊन टळटळीत होतं. घरात कुणी जेवलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ बायकांचं रडणं. आमच्याकडे दारावर येणाऱ्या बायका घर दिसायला लागलं की मोठ्यानं रडत येतात. गेलेल्या माणसाचं एकेक काढून, सूर लावून. मला वाटलं, गल्लीत कुणीतरी गेलं. मी मुलाला म्हटलं, बघ रे कोण गेलं. आणि मग त्या सगळ्या आवाजांवरून मला माझ्या मायचा आवाज ऐकू आला.

"माय वं मन्ही पोर... कंबरलगून केस वं तुन्हा... मन्हा हाते विंचरेल... साळंमा जाये तव्हय दोन येण्या... मले सांगं बी नही वं... बहीणना मांगे कशी गई..."

आपलं रडणं आपण ऐकावं, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. इतके महिने ज्यासाठी मी टोप घातला, निवडणुका घेतल्या, प्रशिक्षणं केली, ते सगळं गल्लीतून मोठ्यानं रडत माझ्या दाराकडे येत होतं. आणि ती माझे केस आठवून रडत होती. मी पदर शोधत होते, तो कुठे सापडेना. तशीच भिंत धरत धरत ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. उघड्या डोक्यानं.

माय सगळ्यांच्या पुढे होती. भाऊ तिला धरून चालवत होता. त्यानं मला पाहिलं आणि जागच्या जागी थिजला. मायनं त्याचा हात सोडवला आणि पायऱ्या चढून वर आली. बगलेत कापडाची पिशवी. माझ्यासमोर आली, एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि मला हातानं बाजूला सारलं.

"सर वं बाई," ती म्हणाली. "कोठे ठेयेल शे मन्ही पोरले?"

ती आत बघत होती, जमिनीकडे. मला शोधत होती. मला वाटलं, काही बोलू नये. आत जाऊन दार लावून घ्यावं. ज्या पोरीसाठी ती रडत होती ती दोन वेण्यांची पोर खरंच आत कुठेतरी निजवलेली असावी, असंही क्षणभर वाटलं. मग मी म्हटलं, "माय, मी शे."

तिनं मान वळवली. चांगला डोळा माझ्या चेहऱ्याजवळ आणला. माझ्या नाकावरून, गालावरून बोटं फिरवली. मागे बायका अजून रडत होत्या, रडणं असं पटकन थांबत नाही. मायनं दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवले आणि तान्ह्या मुलाची टाळू चाचपतात तसं चाचपलं. कपाळापासून मानेपर्यंत. हे डोकं तिच्या हातांना ओळखीचं होतं. बहिणीचं असंच होतं.

"तुले बी?" तिनं विचारलं.

"हाव."

"तुन्हा भाऊले मालूम व्हतं?"

"हाव."

"म्हणजे मन्हापासूनच लपाडं."

ओरडली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं, मी मुलाला जसं मारलं तसं. ती माझ्या खाटेवर बसली आणि मला शेजारी बसवून घेतलं. मला तिच्या खांद्यावर डोकं टेकायचं होतं, पण धीर झाला नाही.

मग अंगणात जो प्रकार झाला तो आठवला की आजही मला हसावं की काय करावं कळत नाही. मयताच्या घरी आलेल्या बायका पाणीसुद्धा घेत नाहीत. आता मयतच नाही म्हटल्यावर चहा घ्यायचा की नाही, यावर त्यांची कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, मरणाची बातमी उठली तं आयुष्य वाढस. सगळ्यांनी ते उचलून धरलं, वाढनं, वाढनं, आयुष्य वाढनं. मघाचे डोळे पुसून त्या माझ्याकडे पाहून हसायला लागल्या. जाऊनं चहाचं आधण ठेवलं. मुलगा आणि माझा भाऊ कोपऱ्यात उभे राहून एकमेकांकडे न बघता रडत होते. त्या हसण्यात एक मायच तेवढी हसत नव्हती. तिला ठाऊक होतं, ह्या आजारात आयुष्य कसं वाढतं ते.

तिच्या बगलेतली पिशवी मला तेव्हा नीट दिसली. आत लुगडं होतं. कुंकू लावणारी बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, ते माहेरच्यांनीच आणायचं असतं. ते म्हातारीच्याही लक्षात आलं. ती म्हणाली, हे माघारी घरात नेऊ नका, जाताना तापीत सोडून द्या. दुसरी म्हणाली, कुण्या गरीब बाईला देऊन टाका. भाऊ पुढे होऊन पिशवी घ्यायला लागला. मायनं ती दिली नाही. लुगडं बाहेर काढलं, त्याची घडी गुडघ्यावर नीट केली आणि माझ्या ओटीत ठेवलं.

"ऱ्हाऊ दे तुन्हापान," ती म्हणाली. "मी नही ऱ्हासू तव्हय तुले कोन आनी?"

मला सांगायचं होतं, माय, मी मरणार नाही, अजून चार किमो आहेत, डॉक्टर म्हणतात बरी होशील. तोंडात आलेलं ते सगळं खोटं नव्हतं, पण खरं आहे असंही मला म्हणवेना. तिच्याशी आणखी एक शब्द खोटा बोलायची माझी ताकद संपली होती. मी लुगड्यावरून हात फिरवला. जांभळं होतं, बारीक काठाचं. अशा वेळी आणतात ते हिरवं असतं.

"रंग चांगला शे," मी म्हटलं.

"तुले हिरवा आवडस नही ना," माय म्हणाली. "नंदुरबारले गाडी थांबाडी. दुकानवाला हिरवाच दखाडी ऱ्हायंता. त्याले सगळं कपाट उघडाले लावं."